विषारी अळंबी: पोट लगेच बिघडलं नाही, हीच खरी भीती

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात लिओन्गाथा नावाचं छोटं गाव आहे. २९ जुलै २०२३ला, शनिवारी दुपारी, तिथल्या एरिन पॅटरसन या बाईने वेगळं राहणाऱ्या नवऱ्याच्या आईवडिलांना, मावशीला आणि मावशीच्या यजमानांना जेवायला बोलावलं. मांसाच्या तुकड्याला अळंबीचं वाटण लावून, पिठाच्या पारीत गुंडाळून भाजलेला पदार्थ ताटात होता. पाहुणे जेवले, गप्पा मारल्या, घरी गेले. उलट्या-जुलाब सुरू झाले ते रात्री. आठवड्याभरात चौघांपैकी तिघं दगावले. मावशीचे यजमान तेवढे वाचले. जेवणात 'डेथ कॅप' जातीची विषारी अळंबी होती. जुलै २०२५मध्ये ज्यूरीने बाईला तीन खुनांबद्दल आणि एका खुनाच्या प्रयत्नाबद्दल दोषी ठरवलं, सप्टेंबरमध्ये जन्मठेप झाली. पहिली ३३ वर्षं पॅरोलचा अर्जही करता येणार नाही.

या खटल्याच्या बातम्या आपल्याकडेही चवीने वाचल्या गेल्या. खून कसा झाला यापेक्षा लोकांना पडलेले प्रश्न अगदी साधे होते. इतकं जहाल विष, मग खाताना कडू लागलं नाही का? चांगलं भट्टीत भाजलेलं होतं, तरी विष कसं उरलं? आणि विष पोटात गेल्यावर माणसं इतके तास धडधाकट कशी राहिली? यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कळलं की बाकीची बरीच कोडी सुटतात. शिवाय पावसाळ्यात रानातली अळंबी आणणाऱ्या घरात ते माहीत असणं कामाचंही आहे.

छत्री म्हणजे काय आणि विष कुठून येतं

जमिनीवर दिसणारी छत्री हा बुरशीचा फार थोडा भाग. खरी बुरशी म्हणजे मातीत, कुजक्या लाकडात किंवा झाडाच्या मुळांभोवती पसरलेलं बारीक तंतूंचं जाळं. पाऊस, ओल आणि ऊब जमून आली की हे जाळं छत्री वर काढतं. तिच्या खालच्या बाजूला पातळ पात्यांची रांग असते आणि तिथून लाखो बीजाणू वाऱ्यावर सुटतात. बीजाणू म्हणजे बुरशीचं बी, पण धुळीच्या कणाएवढं.

बुरशीला पळता येत नाही, की शिंग मारता येत नाही. ती रसायनं बनवते. त्यातली काही जिवाणूंना मारतात; पेनिसिलिन हे त्यातलंच. काही माणसाच्या शरीरात गेली की घात करतात. हजारो जातींच्या छत्र्यांपैकी जीव घेणाऱ्या अगदी मोजक्या आहेत, हेही सांगायला हवं. अडचण एवढीच, की त्या मोजक्या जाती वेगळा गणवेश घालून येत नाहीत.

त्यांतली सगळ्यांत घातक डेथ कॅप, शास्त्रीय नाव अमॅनिटा फॅलॉइडिस. फिकट हिरवट-पिवळट छत्री, पांढऱ्या पात्या, देठावर झालरीसारखं कडं आणि देठाच्या तळाशी, बहुधा मातीत गाडलेली, पिशवी. मूळची युरोपातली. ओकसारख्या झाडांच्या मुळांशी तिचा संसार असतो, त्यामुळे युरोपातून झाडं गेली तशी तीही ऑस्ट्रेलिया आणि कॅलिफोर्नियात पोचली. जगभरात अळंबी खाऊन होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ९० टक्के तिच्या नावावर जमा आहेत. चवीला ती चांगली लागते, असं विषबाधेतून जगलेल्या लोकांनीच सांगितलेलं आहे. त्यामुळे कडू लागेल या भरवशावर राहू नये.

आठ मण्यांचं कडं

डेथ कॅपमधल्या मारक विषांच्या गटाला अमाटॉक्सिन म्हणतात. त्यातलं मुख्य अल्फा-अमॅनिटिन. पुढे नुसतं अमॅनिटिन म्हणू. आपल्या अन्नातली प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनलेली असतात, तसल्याच आठ अमिनो आम्लांची ही साखळी. पण तिची टोकं जोडून कडं झालेलं आहे, आणि त्या कड्याला मधून आणखी एक आडवा सांधा आहे.

सगळी मेख या रचनेत आहे. अंड्याचा बलक उकळल्यावर घट्ट होतो, कारण प्रथिनाची लांबलचक घडी घातलेली साखळी उष्णतेने उलगडते आणि तिचं मूळ काम बंद पडतं. अमॅनिटिनच्या चिमुकल्या, ताठ कड्यात उलगडण्यासारखं काही नसतंच. म्हणून ते उकळून, तळून, भाजून, वाळवून किंवा फ्रीजरमध्ये ठेवूनही जात नाही. पोटातल्या पाचकरसांनाही ते दाद देत नाही.

माणसाला मारायला शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे ०.१ मिलिग्रॅम पुरतं. साठ किलोच्या माणसाला सहा मिलिग्रॅम. एका भरलेल्या डेथ कॅपमध्ये दहा-पंधरा मिलिग्रॅम असू शकतं. म्हणजे एक छत्री एका माणसाला पुरून उरते.

या विषाच्या शोधातही एक गंमत आहे. १९३७ साली म्युनिकच्या फेओडोर लिनेन आणि उलरिख वीलॅंड यांनी डेथ कॅपमधून फॅलॉइडिन नावाचं विष स्फटिकरूपात वेगळं केलं. टोचलं की उंदीर मरत, म्हणून मारेकरी सापडला असं वाटलं. पुढे ध्यानात आलं की तोंडावाटे गेलेलं फॅलॉइडिन आतड्यातून रक्तात जवळजवळ उतरतच नाही. खरा गुन्हेगार, अमॅनिटिन, १९४१मध्ये हाती लागला. फॅलॉइडिन मात्र वाया गेलं नाही. पेशीच्या आतल्या सांगाड्याला ते घट्ट चिकटतं, म्हणून त्याला चमकणारा रंग जोडून जगभरच्या प्रयोगशाळांत पेशींची चित्रं काढायला वापरतात.

मग इतके तास काहीच का होत नाही?

तहसील कचेरीतलं अभिलेख कक्ष डोळ्यांपुढे आणा. मूळ दप्तर कधी बाहेर जात नाही. काम चालतं ते नकलांवर. आपल्या पेशीत मूळ दप्तर म्हणजे डीएनए. कोणतं प्रथिन बनवायचं याची नक्कल, म्हणजे आरएनए, काढून बाहेर पाठवली जाते आणि त्या नकलेवरून प्रथिनं तयार होतात. नक्कल काढणाऱ्या कारकुनाचं नाव आरएनए पॉलिमरेज-२. एरवी तो मिनिटाला हजारो अक्षरं उतरवतो.

अमॅनिटिन जाऊन नेमकं या कारकुनाच्या हाताला चिकटतं. हात तुटत नाही, पण वेग मिनिटाला हजारोंवरून दोन-चार अक्षरांवर येतो. कचेरी काही लगेच बंद पडत नाही. आधी दिलेल्या नकला लोकांच्या हातात असतात, त्यांच्यावर काम चालू राहतं. त्या जुन्या होऊन फाटतात, नव्या येत नाहीत, आणि मग एकेक टेबल ठप्प होतं. खाल्ल्यापासून त्रास सुरू होईपर्यंतची जी शांतता, ती या शिल्लक नकलांची कृपा. साधारण सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त.

ज्या पेशींना सतत नव्या नकला लागतात त्यांना आधी फटका बसतो. आतड्याचं अस्तर दर थोड्या दिवसांनी नवं होत असतं, म्हणून पहिला तडाखा तिथे: पोटात मुरडा, उलट्या, पाण्यासारखे जुलाब. हे साधारण दिवसभर चालतं. सलाइन लागतं, मीठ-पाणी भरून निघतं आणि रुग्णाला चक्क बरं वाटू लागतं. उठून बसतो, चहा मागतो. घरचे म्हणतात, टळलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात हा टप्पा सर्वांत फसवा. कारण याच वेळी रक्ततपासणीत यकृताचे आकडे चढायला लागलेले असतात. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कावीळ, रक्त न गोठणं, मूत्रपिंडं थकणं, गुंगी आणि शुद्ध हरपणं.

यकृतच का? कारण यकृताच्या पेशींच्या भिंतीत रक्तातले पित्ताचे घटक आत ओढून घेणारी दारं असतात. अमॅनिटिन त्याच दारांनी आत शिरतं. यकृत त्याला पित्तात टाकतं, पित्त आतड्यात उतरतं, आतडं ते पुन्हा शोषतं आणि पुन्हा यकृताकडे धाडतं. एकदाच खाल्लेलं विष यकृताला पुन:पुन्हा भेटत राहतं.

सगळीच अळंबी एवढा वेळ घेत नाही

बहुतेक विषारी छत्र्या अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांत आपला रंग दाखवतात. आणि सहसा त्या जीव घेत नाहीत. जरा विचित्र वाटेल, पण लवकर उलटी झाली तर डॉक्टरांना थोडा धीर येतो.

आपल्याकडे पाऊस पडून गेल्यावर सोसायटीच्या हिरवळीवर, मैदानात, गुरं चरतात त्या माळावर थाळीएवढ्या पांढऱ्या छत्र्या उगवतात आणि वर तपकिरी खवले दिसतात. क्लोरोफायलम मोलिब्डायटिस ही जात त्यांत हमखास सापडते. कोवळी असताना तिच्या पात्या पांढऱ्या असतात आणि खायच्या छत्रीसारख्याच दिसतात. जून झाली की त्या हिरवट-करड्या होतात. देठ कापून नुसती टोपी रात्रभर पांढऱ्या कागदावर पालथी घातली तर सकाळी कागदावर पात्यांच्या रेघारेघांची हिरवट भुकटी पडलेली दिसते. ते तिचे बीजाणू. ही खाल्ली की एक-दोन तासांत उलट्या-जुलाबांनी माणूस गळून जातो, लहान मुलांना तर अनेकदा सलाइन लावावं लागतं. पण योग्य उपचार झाले की बहुतेक जण दोन-तीन दिवसांत बरे होतात.

दुसऱ्या काही छत्र्यांत मस्करीन असतं. ते १८६९मध्येच शोधलं गेलं. दरदरून घाम, तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, नाडी मंद. हे वर्णन वाचून ग्रामीण रुग्णालयातल्या कुठल्याही डॉक्टरला फवारणीच्या औषधाची विषबाधा आठवेल, आणि आठवण चुकीची नाही. मस्करीन ज्या मज्जातंतूंना चेतवतं, त्यांनाच ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकंही वेगळ्या वाटेने चेतवतात. म्हणून औषधही तेच, अॅट्रोपिन.

आणखी एक छत्री आहे जी पिकली की वितळून काळी शाई होते. ती एरवी निरुपद्रवी. तिच्याबरोबर किंवा नंतरच्या दोन-तीन दिवसांत दारू घेतली मात्र, की चेहरा लालबुंद, छातीत धडधड, ओकाऱ्या. दारू सोडवायला देतात त्या डायसल्फिराम गोळीसारखाच परिणाम.

उलट टोकाला कॉर्टिनेरियस गटातल्या काही छत्र्या आहेत. त्यांतल्या ओरेलानिन या विषाला त्रास द्यायला दोन-तीन दिवसांपासून दोन-तीन आठवडेही लागतात, आणि मूत्रपिंडं कायमची जातात. १९५०च्या दशकात पोलंडमध्ये शंभरावर माणसं अशी आजारी पडली, अकरा मेली, आणि कितीतरी काळ कुणालाच कारण उमगेना. पंधरा दिवसांपूर्वी काय जेवलो हे कोण डॉक्टरला सांगतो?

यातून निघणारा ठोकताळा डॉक्टरही वापरतात: अळंबी खाल्ल्यावर सहा तासांनंतर त्रास सुरू झाला, तर यकृत-मूत्रपिंडाचं विष धरूनच चालायचं. उलट बाजू मात्र गृहीत धरू नये. टोपलीत दोन-तीन जाती मिसळलेल्या असतील तर एकीने तासाभरात उलटी होईल आणि दुसरी गुपचूप आपलं काम करत राहील.

"नीट उकळून पाणी टाकून दिलं तर?"

काही विषं उष्णतेने खरंच कमी होतात, त्यामुळे हा समज टिकून आहे. फिनलंडमध्ये मेंदूसारख्या सुरकुत्यांची गायरोमिट्रा ही छत्री बाजारात मिळते, पण सोबत ती विषारी असल्याची सूचना आणि शिजवण्याची कृती द्यावीच लागते. भरपूर पाण्यात उकळायची, पाणी फेकायचं, धुवायची, पुन्हा नव्या पाण्यात उकळायची. खिडक्या उघड्या ठेवून, कारण वाफही विषारी असते. तिच्यातलं गायरोमिट्रिन शरीरात फुटून मोनोमिथाइल हायड्रॅझिन तयार होतं. हे नाव ओळखीचं वाटलं तर बरोबर आहे. इस्रोच्या उपग्रहांची इंजिनं याच इंधनावर चालतात.

फिनलंडची ही कृती एका जातीपुरती, तिथल्या लोकांनी शिकून घेतलेली आहे. तीच डेथ कॅपवर केली तर अमॅनिटिनचा काही भाग पाण्यात जाईल, उरलेला ताटात राहील, आणि उरलेलाही पुरेसा असेल.

चांदीचं नाणं, लसूण आणि गोगलगाय

विषारी अळंबीत चांदी काळी पडते, लसूण निळी होते, तांदूळ लाल होतात, अशा परीक्षा युरोपात, आशियात, आपल्याकडे सगळीकडे सांगतात. चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांमुळे. अमॅनिटिन पातेल्यात एवढं कमी असतं की नाण्यावर काय दिसणार? लसूण आम्लाने निळसर होते, अळंबी असो वा नसो. यातली एकही परीक्षा अमॅनिटिन ओळखत नाही. आणि नाणं पांढरं राहिलं म्हणून माणूस निर्धास्त जेवतो, म्हणून मी या परीक्षांना निरुपयोगी न म्हणता धोकादायक म्हणेन.

किड्यांनी खाल्लेली छत्री चांगली, हाही तसाच भ्रम. गोगलगाई डेथ कॅप बिनदिक्कत खातात. काही जातींच्या फळमाशा अमॅनिटिन असलेल्या छत्र्यांतच अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या तिथे मजेत वाढतात. त्यांचं शरीर वेगळं, आपलं वेगळं.

"आम्ही ही अळंबी दहा वर्षं खातोय, कुणाला काही झालं नाही" हा मात्र वजनदार मुद्दा वाटतो. त्यालाही तडा देणारी एक छत्री आहे, पॅक्सिलस. पूर्व युरोपात ती शिजवून सर्रास खात. काही माणसांच्या शरीरात वारंवार खाल्ल्याने तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि एके दिवशी, नेहमीच्याच जेवणानंतर, ती रक्तातल्या तांबड्या पेशी फोडू लागतात. युलिउस शेफर हा जर्मन बुरशीतज्ज्ञ १९४४मध्ये असाच गेला. आयुष्य अळंबी ओळखण्यात घालवलेला माणूस, आणि जात ओळखण्यात त्याची काहीच चूक नव्हती.

मग कोकणात, विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या खातात त्यांचं काय?

त्यांचं ज्ञान खरं आहे. ते नाकारणारे शहरी लेख वाचले की चीड येते. कोकणातली अळंबी, गोव्यातली अळमी, गडचिरोली-चंद्रपूरकडची सात्या, यातली बरीचशी टर्मिटोमायसिस या एकाच गटातली. वाळवी आपल्या वारुळात या बुरशीची शेती करते. पाऊस स्थिरावला की वारुळातून छत्र्या वर येतात. उपटताना देठ संपता संपत नाही, मुळासारखा खोल वारुळापर्यंत उतरत जातो. आणणाऱ्या बाईला वारूळ ठाऊक असतं, दिवस ठाऊक असतात, टोपीच्या मधलं टोक, बुंध्याचा आकार, वास ठाऊक असतो. बाकीच्या सगळ्या छत्र्यांना ती "कुत्र्याची छत्री" म्हणून मोकळी होते.

तिला अळंबी ओळखण्याचा नियम माहीत नाही. तिला दोन-चार जाती माहीत आहेत, आपल्या शिवारातल्या. म्हणूनच हे ज्ञान भक्कम आहे आणि म्हणूनच ते गाडीत घालून दुसरीकडे नेता येत नाही. कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियात आग्नेय आशियातून आलेल्या लोकांना डेथ कॅपची विषबाधा पुन:पुन्हा झाली आहे. त्यांच्या देशात भाताच्या पेंढ्यावर येणारी अळंबी आवडीने खातात. तिच्याही तळाशी पिशवी असते, कोवळेपणी दोन्ही पांढऱ्या अंड्यासारख्या दिसतात. गावी जी खूण भरवशाची होती तीच परदेशात घात करते. आपली मराठी माणसंही सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास आणि मेलबर्नमध्ये कमी नाहीत. पहिल्या पावसानंतर बागेत ओकखाली पांढऱ्या छत्र्या बघून कुणाला गावची आठवण आली, तर ती आठवणच राहू द्यावी.

डेथ कॅप आपल्या शिवारात नाही म्हणून आपण सुटलो, असंही नाही. अमाटॉक्सिन लेपिओटा आणि गॅलेरिना गटांतल्या काही लहानखुऱ्या, तपकिरी, कुणाच्या डोळ्यांत न भरणाऱ्या छत्र्यांतही असतं. एप्रिल २०२२मध्ये वरच्या आसामात रानातली अळंबी खाऊन तेरा जण दगावले, त्यातले बहुतेक चहामळ्यांतले कामगार आणि त्यांची कुटुंबं.

मोबाइलवर फोटो काढून नाव सांगणारी अॅपं? शिकायला छान. पण फोटो वरून काढलेला असतो. देठाच्या तळची पिशवी मातीत असते आणि बीजाणूंचा रंग अॅपला दिसत नाही. जेवायचं की नाही हे त्यावर ठरवू नये.

बाजारातली बटण मशरूम आणि धिंगरी याची मात्र भीती नको. ती निर्जंतुक केलेल्या माध्यमावर, ठरावीक बियाण्यापासून वाढवलेली असतात.

दवाखान्यात जाताना

त्रास सुरू झाला की घरगुती उपायांत वेळ घालवू नये. मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं तर नकोच. १०८ला फोन करावा. सोबत उरलेली अळंबी न्यावी, शिजवलेली भाजी असली तरी चालेल, साफ करताना टाकलेले देठ असतील तर फारच उत्तम. प्लॅस्टिकपेक्षा कागदात गुंडाळावी, म्हणजे सडत नाही. खाल्लं कधी आणि त्रास सुरू झाला कधी, या दोन वेळा लिहून द्याव्यात. ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली त्या सगळ्यांना न्यावं, बरं वाटत असलं तरी. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र आहे, तिथून डॉक्टरांना चोवीस तास सल्ला मिळतो.

अमॅनिटिनवर हमखास उतारा अजून नाही. भरपूर सलाइन, विष शोषणारा कोळसा आणि काही औषधं देतात. त्यातलं सिलिबिनिन हे एका काटेरी रोपाच्या बियांतून मिळतं आणि यकृताच्या पेशींची ती दारं अडवतं, म्हणून जितकं लवकर तितकं बरं. यकृत पार गेलं तर प्रत्यारोपण. २०२३मध्ये चीनमधल्या संशोधकांनी इंडोसायनिन ग्रीन हा डोळ्यांच्या तपासणीत वापरला जाणारा रंग उंदरांत अमॅनिटिनविरुद्ध उपयोगी पडतो असं दाखवलं. माणसांत ते सिद्ध व्हायचं आहे.

"आम्ही रानातलं काही खातच नाही"

ठीक. पण बुरशीचं विष खायला छत्रीच लागते असं नाही. १९७४च्या शेवटी राजस्थानातलं बांसवाडा आणि गुजरातमधलं पंचमहाल या भागांत, मुख्यत: भिल्ल वस्त्यांवर, कावीळ आणि पोटात पाणी होण्याची साथ आली. ३९७ रुग्ण, १०६ मृत्यू. त्या घरांतली कुत्रीही तशीच मेली. कारण निघालं मका. काढणीच्या वेळी पाऊस लागला, कणसं ओली राहिली, त्यावर अॅस्परजिलस बुरशी चढली आणि तिने अफ्लाटॉक्सिन हे विष सोडलं. दुसरं काही खायला नसल्याने लोक तोच मका खात राहिले. एरवी अफ्लाटॉक्सिन इतक्या झटपट मारत नाही. ते थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात जातं आणि यकृताचा कर्करोग घडवतं. हिपॅटायटिस बी असलेल्या माणसात धोका कैकपटीने वाढतो.

बाजरीचंही तसं. अरगट या बुरशीच्या रोगाने कणसात दाण्याऐवजी काळपट गाठी येतात. १९५०च्या दशकात तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाऊन मळमळ, उलट्या, गुंगीची साथ आली होती. कृषी खातं पेरणीआधी बियाणं वीस टक्के मिठाच्या पाण्यात बुडवायला सांगतं ते यासाठी: हलक्या गाठी वर तरंगतात, त्या काढून टाकायच्या.

अफ्लाटॉक्सिनशी आपल्या स्वयंपाकघराची गाठ पडते ती शेंगदाण्यात. भारतात प्रक्रियेसाठी जाणाऱ्या दाण्यांत त्याची मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे. हे विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं. पोत्यातल्या मोजक्या सुरकुतलेल्या, काळपटलेल्या, बुरसटलेल्या दाण्यांत बहुतेक सगळं साठलेलं असतं. म्हणून ताटात दाणे पसरून खराब दाणे वेचून टाकणं हा जुनाट सोपस्कार नाही, त्याने विष खरोखर कमी होतं. नुसतं भाजल्याने ते पुरतं जात नाही, आणि खवट दाणा कुटात गेला की वेचायचं काही उरत नाही. तेलाचीही गोष्ट आहे. रिफाइंड तेलात शुद्धीकरणाच्या वेळी अफ्लाटॉक्सिन जवळपास निघून जातं. लाकडी घाण्याच्या तेलात ती पायरीच नसते. चव मला घाण्याचीच आवडते, पण मग घाणेवाल्याला विचारावं की दाणे कुठले, कधीचे आणि निवडलेले आहेत का. बरेच घाणेवाले आपण नेलेले दाणेही काढून देतात.